ड्रमचा घरगुती स्मोकर : मटण-कोंबडी धुरावर शिजवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंगारवाला, वेल्डिंगचं दुकान आणि बाभळीचा कोळसा, या तीन गोष्टी जवळपास असल्या की खेड्यात बसून चांगला स्मोकर बनतो. लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते खाली एका जागी लिहिले आहेत. मापं इंचात दिली कारण वेल्डिंगवाला इंचातच बोलतो, तापमान मात्र सगळीकडे डिग्री सेल्सिअसमध्ये आहे.

चूल आहे, शेगडी आहे, तंदूरही बनवता येते, मंग हे स्मोकर कायले पाहिजे भाऊ?

तंदुरात आतली उष्णता ३०० डिग्रीच्या वर जाते आणि कोंबडी पंधरा-वीस मिनिटात निघते. स्मोकरमध्ये आपण १०५ ते १२५ डिग्रीच्या मधातच राहतो आणि मटण चार-पाच तास आत ठेवतो, एवढाच मुख्य फरक. ज्यानं वावरात रोडगे केले त्याला हे पटकन समजते, गोवऱ्यांचा जाळ संपू द्यायचा आणि उरलेल्या निखाऱ्याच्या मंद आचेवर काम करायचं, तसंच हे. बोकडाचा सीना, गर्दन, खांदा हे भाग कडक असतात कारण त्यात कोलॅजन नावाचा चिवट धागा राहतो, तो ७० डिग्रीच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतो आणि मटण मऊ पडते. जोरात आच दिली तर धागा विरघळायच्या आधीच पाणी उडून जाते न मटण चामड्यावाणी होते. धुराची चव हा त्याच्यावरचा फायदा.

टीव्हीवर दाखवतात ते ब्रिस्केट आपल्याकडे करता येते का?

ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलाच्या छातीचं मांस, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे तो विषय सोडा. आपल्यासाठी बोकडाचा सीना आहे. बेरारी बोकडाच्या सीन्यात चरबीचे थर चांगले असतात आणि धुरावर तो भाग सगळ्यात खुलतो असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रम कोणता घेऊ? भंगारात तर सगळेच सारखे दिसतात.

दिसतात सारखे पण हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, इथं घाई करू नका. २०० लिटरचा लोखंडी ड्रम घ्यायचा, उंची साधारण साडेचौतीस इंच आणि आतला व्यास साडेबावीस इंचाच्या आसपास. झाकण रिंगवालं, म्हणजे क्लॅम्प खोलला की पूर्ण वरचा भाग निघतो असं असलं तर लय काम वाचते. आधी त्यात खाण्याची वस्तू असावी, खायचं तेल, मध, फळांचा पल्प असं काही.

कीटकनाशक, केमिकल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, थिनर, पेंट यांचे ड्रम फुकट मिळाले तरी घेऊ नका. धुऊन, जाळून, घासून चालीन असं भंगारवाला म्हणतो, पण ड्रमच्या शिवणीत काय बसलं हे तुम्हालाही दिसत नाही न त्यालाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपल्या भागानं पाहिलं आहे, त्या औषधाच्या भांड्यात लेकरांसाठी मटण शिजवायचं नाही. ड्रमवरचं लेबल फाटलं असलं आणि आत काय होतं हे कोणी खात्रीनं सांगत नसलं, तर तो ड्रम सोडून द्या.

दुसरी गोष्ट, बंद तोंडाचा तेलाचा ड्रम ग्राइंडरनं किंवा गॅस कटरनं तसाच कापायला घेऊ नका. रिकाम्या ड्रममध्ये तेलाची वाफ राहते आणि ठिणगीनं स्फोट होतो, हे गावोगावी झालेलं आहे. बूच काढायचं, साबण-सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, काठोकाठ पाणी भरून वरचा थोडासाच भाग रिकामा ठेवायचा, मंग कापायचं. विजेचं मशीन पाण्याजवळ चालवायचं नसलं तर छन्नी-हातोड्यानं कापा, वेळ लागते पण जीव राहते.

आतून लाल-पिवळा रंग आहे, तो चालीन का?

नाही. तो लायनिंगचा थर असतो, गरम झाला की धूर होऊन मटणात जाते. रबराची गास्केट काढा, बुडाला छिद्रं पाडून घ्या, ड्रम मोकळ्या जागेत उभा करा आणि आत लाकडांचा मोठा जाळ एक-दोन तास चालू द्या. आतला रंग राखाडी भुकटी होऊन सुटला पाहिजे. मंग वायर ब्रशनं घासून उघडं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. जाळताना त्याच्या धुरात उभे राहू नका आणि लहान लेकरं दूर ठेवा.

जुन्या कूलरचा पत्रा घरी पडून आहे, त्याची कोळशाची टोपली केली तर? आणि फ्रिजची जाळी?

दोन्ही नको. कूलरचा पत्रा जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला राहते. जस्त ४१९ डिग्रीला वितळते आणि पेटलेला कोळसा त्याच्या कितीतरी वर जातो, त्याची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्या पोट्ट्यांना हा ताप चांगला माहीत असते. फ्रिजच्या जाळीवर प्लास्टिक किंवा दुसऱ्या धातूचा मुलामा राहते, ती जाळी अन्नाखाली नको. साधं एमएस (माइल्ड स्टील, बिनमुलाम्याचं) लोखंड किंवा स्टेनलेस स्टील, हे दोनच वापरा. जीआय पाइप फक्त बाहेरच्या बाजूला हवा आत यायच्या नळीसाठी चालते, कारण त्यातून थंडी हवा वाहते आणि तो तापत नाही.

पूर्ण माप सांगा ना, वेल्डिंगवाल्याला काय सांगू?

खालून वर असं सांगा.

सगळ्यात खाली ३ इंच जागा राखेसाठी मोकळी. तिथं कोळशाची टोपली बसवायची, एक्सपांडेड जाळीची, १४-१५ इंच व्यास, ८ ते १० इंच उंच, तिला ३ इंचाचे पाय. टोपलीला वर आडवी कडी लावा म्हणजे हुकानं ओढून काढता येते. टोपलीखाली एक लोखंडी ताट ठेवलं की राख त्यातच पडते.

मटणाची जाळी ड्रमच्या काठापासून ७ इंच खाली. म्हणजे टोपलीचं बूड आणि जाळी यांच्यात साधारण २४ इंच अंतर पडते, आणि हे अंतर कमी करू नका, जवळ आणली की खालून भाजलं जाते न वरून कच्चं राहते. जाळीसाठी ६ किंवा ८ एमएमच्या सळईची गोल रिंग, त्याच्यावर आडव्या सळया अर्ध्या-पाऊण इंचावर. ड्रमला चार बाजूंनी चार बोल्ट बाहेरून आत घालायचे, त्याच्यावर जाळी नुसती टेकते. आणखी चार बोल्ट ६ इंच खाली मारून ठेवा, दुसरी जाळी लागली तर कामी येते, किंवा तिथं चरबी झेलायचं पसरट ताट ठेवता येते.

हवेची छिद्रं बुडापासून २ इंच वर, पाऊण इंचाची, तीन, सारख्या अंतरावर. झाकणावर अर्ध्या इंचाची आठ छिद्रं गोलाकार, नाहीतर मधोमध २ इंचाचा एकच पाइप ५-६ इंच उंच. आठ छिद्रं केली की त्यांचं क्षेत्रफळ दीड चौरस इंचाच्या थोडं वर भरते आणि खालच्या तीनचं सव्वाच्या थोडं वर. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी पाहिजे, नाहीतर धूर आत कोंडून मटण कडू होते.

बाकी झाकणाला लाकडी मुठीची कडी आणि ड्रमला दोन बाजूंनी उचलायच्या कड्या लावून घ्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हवा कमी-जास्त कशी करायची? माझा ड्रम तर १८० वर पळते.

स्मोकर म्हणजे हवा. पत्रा किती जाड, रंग कोणता, यापेक्षा हवा तुमच्या ताब्यात आहे का हे पाहा. कोळसा कितीही भरला तरी जेवढी हवा आत जाते तेवढाच जळते, म्हणून आग कोळशानं नाही तर छिद्रानं सांभाळायची.

तीन छिद्रांपैकी एक निपल बसेल एवढं मोठं करा (पाऊण इंची पाइप बाहेरून पाऊण इंचापेक्षा जाड राहते), त्यात ६ इंचाचा पाऊण इंची निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा तुकडा, चेकनटनं घट्ट बसवा आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावा. व्हॉल्व्ह ड्रमला चिकटवून लावू नका कारण त्याच्या आत टेफ्लॉनची सीट राहते, ती जास्त तापायला नको. उरलेल्या दोन छिद्रांवर झाकायला जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं तरी चालते, पाहिजे तेव्हा ओढलं, पाहिजे तेव्हा चिकटवलं.

सुरुवातीला तिन्ही उघडे. ड्रमच्या थर्मामीटरचा काटा ९० च्या आसपास आला की एक चुंबक लावा, १०० वर आला की दुसरं, मंग बॉल व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणा आणि पंधरा मिनिट हात लावू नका. तापमान चढवणं सोपं आहे पण एकदा १६० वर गेलेला ड्रम खाली यायला लय वेळ घेते, म्हणून खालूनच हळूहळू वर न्यायचं. वरची धुराची छिद्रं नेहमी पूर्ण उघडी, ती बंद करून तापमान कमी करायचं नाही, ती फक्त सगळं संपल्यावर कोळसा विझवायला बंद करायची.

सगळं बंद करूनही ड्रम पळत असेल तर कुठून तरी हवा चोरून जाते. रात्री आत टॉर्च लावून झाकण बंद करा न बाहेरून पाहा, उजेड जिथून येते तिथून हवा जाते. बहुतेक झाकणाच्या काठातून किंवा बोल्टच्या छिद्रातून. बोल्टला वायसर टाकून आवळा. पहिल्या काही वेळा वापरला की चरबी आणि धुराचा थर बसून बारीक फटी आपोआप भरतात.

आणि झाकण सारखं उघडून पाहू नका. उघडलं की गरम हवा जाते आणि खाली कोळशाला भरभरून हवा मिळते, झाकण लावल्यावर काटा पहिल्यापेक्षा वर जाते. ज्यांचा ड्रम पळते त्यातले अर्धे लोक फक्त उघडून पाहतात म्हणून पळते.

वेल्डिंग न करता होते का?

होते. ड्रिल मशीन, पाऊण इंचाचा आणि निपलच्या मापाचा होल सॉ, नटबोल्ट आणि चेकनट एवढ्यात पूर्ण स्मोकर बनते. टोपलीची जाळीसुद्धा गोल वळवून बाइंडिंग तारेनं बांधता येते, तार फक्त जीआयची नको, काळी घ्या.

आतून कोणता रंग मारू म्हणजे गंजणार नाही?

आतून कोणताच रंग नाही. बाहेरून हिट-रेझिस्टंट पेंट मारा, सायलेन्सरला मारतात तो. आतून जवसाच्या तेलाचा हात. आपल्याकडे घाणीवर जवसाचं खायचं तेल मिळते, ते या कामाला सगळ्यात चांगलं, कारण जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकून कडक थर धरते, लोखंडी तव्याला लोक हेच करतात. पातळ हात फिरवा, जाड लावलं तर चिकट राहते. मंग कोळसा पेटवून दोन-तीन तास १५० च्या आसपास रिकामा चालवा, त्यात थोडं लाकूडही टाका. आत काळा-तपकिरी चमकदार थर आला की झालं. हे केल्याशिवाय पहिलं मटण ठेवू नका.

पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल मात्र घेऊ नका, त्यात सुकवायची केमिकलं असतात. आणि जवसाच्या तेलाचे बोळे, चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल सुकताना स्वतःच गरम होते आणि चिंधीचा ढीग आपोआप पेट घेऊ शकते, त्यात आपला मे महिना. चिंध्या पाण्यात भिजवून टाका नाहीतर लगेच जाळा.

ड्रमऐवजी विटा-मातीचा स्मोकर बांधला तर?

चांगला होते, उष्णता जास्त वेळ धरून राहते, पण एकदा बांधला की हलवता येत नाही. दोन गोष्टी आपल्या भागासाठी खास पाहा. काळ्या जमिनीवर थेट बांधू नका, काळी माती पावसाळ्यात फुगते न उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, वरचं बांधकामही फाटते. दीड-दोन फूट खोदून मुरूम टाकून धुम्मस करा, त्याच्यावर बांधा. सांधायला सिमेंट नको, आगीच्या बाजूला सिमेंट तडकते. पांढरी माती, कुटार आणि शेण कालवून दोन-तीन दिवस मुरू द्या न त्यानं सांधा आणि लिंपा. भट्टी एका बाजूला, मटणाची खोली दुसऱ्या बाजूला थोडी उंच आणि मधात आडवा धुराचा बोगदा, असं केलं की जाळ थेट मटणाला लागत नाही. गावात पूर्वी चुलीवरच्या माच्यावर वस्तू टांगून धुरवायचे, तेच काम आहे, फक्त आता धूर वाटेनं नेतो.

लाकूड कोणतं? अमेरिकेत धुरासाठी वापरतात ते हिकोरी तर इथं मिळत नाही.

हिकोरीची गरजच नाही. अमेरिकेत टेक्सासच्या लोकांकडे मेस्किट आणि पोस्ट ओक आहे म्हणून ते ते वापरतात, जे बांधावर आहे ते. आणि आपल्या रस्त्याच्या कडेला, पडीत जमिनीवर जी वेडी बाभूळ माजली आहे ती मेस्किटचीच जवळची बहीण आहे, त्याच कुळातली. लोक एवढे पैसे देऊन मेस्किटचे पाकीट मागवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटते. तिचा धूर तिखट राहते, म्हणून थोडीच टाकायची, बोकडाला चांगली लागते.

माझी पहिली पसंती संत्रा. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात म्हाताऱ्या बागा निघतात तेव्हा ढिगानं लाकूड मिळते, धूर गोडसर आणि हलका, कोंबडीला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. पण एक काळजी घ्या, संत्र्याच्या खोडाला शेतकरी बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुन्याची, जमिनीपासून दोन-तीन फुटापर्यंत. तो खोडाचा भाग घेऊच नका, वरच्या फांद्या घ्या आणि साल काढा. बागवानाला शेवटची फवारणी कधी झाली हेही विचारा.

पेरू, जांभूळ, आंबा, चिंच, बोर ही सगळी चांगली. साधी बाभूळ कोळशासाठी उत्तम, लाकूड म्हणून साल काढून.

नको असलेली यादी जास्त महत्त्वाची. बिबा कधीच नाही, त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि जाळला तर तेच धुरातून डोळ्यात, घशात, छातीत जाते. जंगलालगतच्या गावातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण मोळीत मिसळून येऊ शकते म्हणून लाकूड ओळखूनच घ्या. कण्हेर, रुई, थुवर विषारी. कडुनिंबाचा धूर कडू. निलगिरी आणि पेट्यांचं चीड-देवदार तेलकट, काजळी धरते. सागाचा भुसा सुतारकामाचा असतो, त्यात पॉलिश, प्लायवूड, फेविकॉल सगळं मिसळलेलं राहते.

लाकूड छाटणीचं किंवा पडलेलं घ्या. धुरासाठी मुठीएवढे चार-पाच तुकडे लागतात, त्यासाठी उभं झाड पाडू नका, आणि जंगलातून तर नाहीच.

लाकूड पाण्यात भिजवायचं असते ना?

नाही. पाणी आत शिरत नाही, वरच्यावर राहते, आणि ते उडेपर्यंत नुसती वाफ न पांढरा धूर. उलट लाकूड वाळलेलं पाहिजे, ओलावा २० टक्क्याच्या खाली. हिवाळ्यात फोडून ठेवलं तर आपल्या उन्हात मे अखेरपर्यंत मस्त वाळते.

पऱ्हाटी आणि तुराटी घरी ढिगानं आहे, तेच जाळलं तर?

तुराटी पेटवायला एक नंबर, पण भुरकन जळून जाते, चार तासाच्या कामाची नाही. पऱ्हाटी मटणाच्या धुरासाठी वापरूच नका, कपाशीवर हंगामभर किती फवारण्या होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कोळसा किती आणि पेटवू कसा?

चार किलो बाभळीचा कोळसा टोपलीत भरला की हवा नीट सांभाळल्यावर सहा-सात तास जाते. कोळसा घेताना दोन तुकडे एकमेकांवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे अर्धवट जळलेला, तो धूर करते. भुकटी चाळून काढा, ती हवा अडवते.

सगळा कोळसा एकदम पेटवायचा नाही. टोपली न पेटलेल्या कोळशानं भरा, मधात खड्डा ठेवा, लाकडाचे तुकडे कोळशात इकडे-तिकडे पुरा. वेगळ्या डब्यात किंवा ६ इंची लोखंडी पाइपच्या तुकड्यात पंधरा-वीस कोळसे तुराटीवर लाल करून घ्या आणि त्या खड्ड्यात ओता. आग मधातून हळूहळू बाहेर सरकते. रॉकेल, डिझेल काही नाही, त्याचा वास मटणातून जात नाही.

धूर पांढराशुभ्र आणि भरपूर येऊन रायला, म्हणजे छान चाललं ना?

उलट. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्यातले कडू चिकट घटक मटणावर बसतात न जिभेला झिणझिण्या येतात. पाहिजे तो धूर पातळ, निळसर, कधी कधी तर दिसतही नाही, फक्त वास येते. लाकडातलं लिग्निन तुटून जे ग्वायकॉल आणि सिरिंगॉल निघतात तीच ती धुराची खरी चव न सुगंध, आणि ते मिळायला धूर कमीच लागते. पेटवल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, पांढरा धूर संपू द्या, मंगच मटण ठेवा. पाहुणे आले म्हणून घाई होते हे समजते, पण इथं घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

थर्मामीटर पाहिजेच का? आम्ही अंदाजानं करतो.

चुलीवर अंदाज चालते, बंद ड्रममध्ये नाही. दोन पाहिजे, एक ड्रमच्या बाजूला जाळीच्या उंचीवर आणि दुसरा मटणात खुपसायचा डिजिटल. घड्याळी काट्यावाले बरेचदा चुकीचं दाखवतात, म्हणून बसवायच्या आधी उकळत्या पाण्यात धरून पाहा. नागपूर, वर्धा, अमरावतीच्या उंचीवर ९९ च्या आसपास दाखवलं पाहिजे, चिखलदऱ्यावर ९६ च्या जवळ. जेवढा फरक तेवढा लिहून ठेवा.

कोणत्या मटणाला किती वेळ?

वेळ अंदाजाचा, खरी परीक्षा आतल्या तापमानाची. ड्रम ११० ते १२५ वर धरून सांगतो.

ब्रॉयलर कोंबडी, सव्वा-दीड किलोची, पाठीतून चिरून सपाट केलेली, दोन ते अडीच तास. मांडीच्या जाड भागात ७४ डिग्री आलीच पाहिजे, त्याच्या खाली कोंबडी काढायची नाही. कोरडं कातडं आवडत असेल तर शेवटची वीस मिनिट ड्रम १५० वर न्या.

गावरानी कोंबडा, तेही वर्ष-दीड वर्षाचा, नुसत्या धुरावर मऊ होईन ही आशा धरू नका, त्याच्या अंगात चरबीच नाही. त्याला एक-दीड तास धूर द्या आणि मंग सावजी रश्श्यात मंद आचेवर शिजवा. रश्श्याला जी चव येते ती कोळशावर तूप टाकून दिलेल्या धुंगारानं येत नाही. धुळवडीला आणि पोळ्याच्या करीला हा बेत करून पाहा.

बोकडाचा सीना साडेतीन ते साडेचार तास. खांदा न गर्दन पाच-सहा तास, हाडापासून सुटायला आतली उष्णता ९० च्या वर पाहिजे. मांडीला चरबी कमी, म्हणून तिला पोटाच्या चरबीचं जाळं गुंडाळा किंवा तीन तास धूर देऊन मंग पळसाच्या ओल्या पानात आणि वरून फॉइलमध्ये बांधून परत ठेवा, पाणी उडत नाही आणि पानाचा हलका वासही लागते.

मीठ किलोला १५ ग्रॅम चोळून फ्रिजमध्ये रात्रभर, फ्रिज नसेल तर ठेवायच्या तासभर आधी. भिवापुरी तिखट, धने, काळा मसाला, थोडा गूळ, हे सगळं या आचेवर जळत नाही. कच्ची पपई लावायची गरज नाही, लावली तर एवढ्या तासात मटणाचा लगदा होते.

मटणातल्या थर्मामीटरचा काटा ६८ वर दोन तासापासून अडकला, कोळसा वाढवू का?

नका वाढवू. ६५ ते ७५ च्या मधात मोठा तुकडा असा थांबतेच. मटणातून पाणी बाहेर येऊन वाफ होते आणि ती वाफ मटणाला थंडं ठेवते, माठातलं पाणी गार होते त्याच कारणानं. ड्रमचं तापमान बरोबर असेल तर वाट पाहा, नाहीतर वर सांगितलं तसं गुंडाळा, मंग काटा सरकते.

पूर्ण शिजलं तरी कडेनं गुलाबी दिसते, कच्चं तर नाही?

थर्मामीटरनं बरोबर सांगितलं असेल तर कच्चं नाही. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाच्या रंगद्रव्याला चिकटून तो गुलाबी गोल तयार होते. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

तळ्याचे मासे होतात का?

लय मस्त. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावातला रोहू, कटला, मरळ, सगळे चालतात. लिटरमागे ५० ग्रॅम मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, काढून पुसा आणि वाऱ्यावर, माशी न बसेल असं जाळीखाली, सुकवा, वरून थोडी चिकट साय धरली की धूर चांगला बसते. ९०-१०० वर एक-दीड तास. फक्त संत्रा किंवा पेरू, वेडी बाभूळ माशाला जास्त होते.

उन्हाळ्यात ४५-४६ मध्ये काय काळजी घ्यायची?

पहिली आगीची. कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग, गोठ्याचं छप्पर यांच्यापासून तीस-चाळीस फूट लांब, वारा ठिणग्या ढिगाकडे नेणार नाही अशा बाजूला, खाली माती किंवा फरशी. पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं जवळ. बंद खोलीत, गोठ्यात, पोर्चमध्ये शटर ओढून कधीच नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाविना माणूस मारते. झाकण उघडताना आधी थोडंसं तिरपं करून दोन सेकंद थांबा, एकदम उघडलं तर भडका तोंडावर येते.

दुसरी मटणाची. ३२ डिग्रीच्या वरच्या हवेत कच्चं किंवा शिजलेलं मटण तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. सकाळी सातला पेटवून दुपारच्या जेवणाला काढणं हे आपल्याकडे सगळ्यात सोयीचं.

धुरावर ठेवलेलं मटण महिनाभर टिकते म्हणतात.

या पद्धतीनं नाही. ही गरम धुराची पद्धत आहे, चवीसाठी, टिकवण्यासाठी नाही, उरलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस धरा. ३० डिग्रीच्या खाली थंड्या धुरात मांस टिकवतात त्याला नायट्राइटचं मीठ अचूक मोजून लागते आणि तसं थंडं वातावरण आपल्याकडे बहुतेक वर्ष नसतेच, त्यात बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या विषबाधेचा, जीवघेणा धोका आहे. घरी करू नका.

हे रोज खाल्लं तर तब्येतीला?

रोज नका खाऊ. धूर दिलेलं, खारवलेलं मांस हे प्रक्रिया केलेल्या मांसात मोडते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये ते कर्करोगकारक गटात टाकलं आहे. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठते त्यात बेंझोपायरिनसारखे वाईट घटक असतात, म्हणून खालच्या चार बोल्टवर पाण्याचं ताट ठेवून चरबी झेला. सणावाराला, पाहुण्यांना केलं तर ठीक आहे.

श्रावणात घरचे मटण करू देत नाही, तेव्हा ड्रम पडूनच राहते.

कायले पडून? भरताची वांगी पाऊण-एक तास धुरावर ठेवा न मंग शेवटी कोळशाजवळ नेऊन साल करपवा. पनीर, कणसं, कांदे, टमाटे सगळं होते. भिवापुरी मिरच्या वाळलेल्या घेऊन ७०-८० वर दोन तास धुरवा आणि कुटून ठेवा, वर्षभर वरणाच्या फोडणीला कामी येते. मटणाची जाळी वेगळी आणि शाकाहारी वेगळी ठेवली की घरात कोणाची हरकत राहत नाही.

पावसाळ्यात ड्रम गंजते, राख कुठं टाकू?

राख दुसऱ्या दिवशीच काढा, पूर्ण थंडी झाल्यावर, कारण राखेत निखारा चोवीस तासही जिवंत राहू शकते. ओल्या हवेत राख पाणी ओढून खारी होते न बूड खाते, ड्रम सडते तो इथूनच. जाळीवरची चरबी गरम असतानाच खरवडा, जवसाच्या तेलाचा हात मारा, झाकणाची छिद्रं उलटी वाटी ठेवून झाका आणि ड्रम दोन विटांवर टिनाखाली ठेवा. राख काळ्या वावरात ढिगानं टाकू नका, आपली जमीन आधीच चोपण्याकडे झुकलेली, अल्कधर्मी आहे. खताच्या उकिरड्यात थोडी थोडी मिसळा, किंवा भांडे घासायला ठेवा.